डाव्या हातातली दुसरी बाई

मित्रांनो, एका लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवरून मी तुमच्याशी बोलतोय. मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. दवाखान्यात डॉक्टर दंडाला कापडी पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबत जातात आणि काचेच्या नळीतली चकचकीत रेघ वर चढते, ते तुम्ही पाहिलं असेल. तो मी.

इथं माझ्या आजूबाजूला माझ्यासारखेच बरेच जण आहेत. कुणाची काच तडकली आहे, कुणाचं रबर भेगाळलं आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पण कपाटाचं दार लागलं की सगळ्यांच्या पोटातला पारा आपोआप थरथरू लागतो. आजवर ज्या ज्या दंडांना आम्ही मिठी मारली, त्यांची ती थरथर असते. त्यातले कितीतरी हात आता कुठंच नाहीत. ठोके मात्र आमच्याकडे राहून गेले आहेत. घाबरू नका. ते कुणाला काही करत नाहीत. आपलं कुणी ऐकतंय का, एवढंच ते पाहत असतात.

माझा जन्म एका लांबट, थंड कारखान्यात झाला. काच फुंकणाऱ्या कारागिरानं माझी नळी केली. तिच्यावर आकडे कोरले गेले. मग हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्यात पारा ओतला आणि शेजारणीला म्हणाली, "बघ कसा पळतोय! ह्याला धरायला जावं तर हा आपल्यालाच धरेल असं वाटतं." पहिली परीक्षा म्हणून त्यांनी माझा पट्टा एका लाकडी दंडावर बांधला. मी फुगलो, घट्ट झालो, कान लावला. आत काहीच नव्हतं. त्या लाकडाची शांतता मला फार परकी वाटली. पुढं रोजच जिवंत हातातही मला तशीच शांतता भेटेल, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

कारखान्यातून मी एका डॉक्टरांच्या टेबलावर गेलो. दवाखाना लहानसा. भिंतीला टेकून एक बाक, पडद्यामागं तपासणीची खाट आणि टेबलाच्या कोपऱ्यात मी. डॉक्टर अंगानं आडवे आणि बोलायला मोकळे. माणसं त्यांना काय काय विचारायची!

"डॉक्टर, हा वरचा आकडा आणि खालचा आकडा, ही काय भानगड आहे?"

"भानगड कसली? हृदय आकसून रक्त ढकलतं, तेव्हाचा जोर म्हणजे वरचा. दोन ठोक्यांच्या मधे ते सैल होतं, तेव्हाचा खालचा."

"म्हणजे ते आराम करतं म्हणा की."

"करतं ना. तुमच्यासारखं दुपारभर नाही, डोळ्याचं पातं लवावं इतकंच."

"पण बीपी वाढलं की कळतं का? डोकं दुखतं का?"

इथं डॉक्टरांचा आवाज खाली यायचा. "बहुतेक वेळा काही म्हणजे काही कळत नाही. तेच तर वाईट आहे. काहीच दुखत नाही म्हणून माणूस निवांत असतो, आणि आतल्या आत रक्तवाहिन्या, मेंदू, मूत्रपिंडं, डोळे झिजत राहतात."

मित्रांनो, माझं काम कसं चालतं ते सांगतो, पण ऐकताना एकमेकांच्या जवळ बसा. पट्टा फुगला की मी दंडातली रक्तवाहिनी दाबून पार बंद करतो. तेवढा वेळ कोपराखालच्या हातात नवं रक्त जात नाही. म्हणजे, सांगायला कसंसंच होतं, पण त्या क्षणी मी जणू एका मेलेल्या हाताला धरून बसलेला असतो. डॉक्टर हळूहळू हवा सोडतात. पारा उतरत येतो. आणि अचानक त्या शांततेत पहिला ठोका येतो. धप्. कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. तो वरचा आकडा. मग ठोके येत राहतात, मऊ होतात आणि विरून जातात. ते विरतात, तो खालचा. रक्त तेव्हा विनाअडथळा वाहायला लागलेलं असतं. माणूस बाही खाली करतो, "किती आलं हो?" म्हणतो. आपला हात आत्ता कुठं जाऊन आला, याचा त्याला पत्ताही नसतो.

त्या दवाखान्यात एक टेलरबाई यायच्या. दोन गल्ल्यांपलीकडं त्यांचं शिवणाचं दुकान होतं, पुढच्या खोलीत दुकान आणि मागं घर. माझ्या पट्ट्याचं कापड विरलं की डॉक्टर तो त्यांच्याकडेच धाडत. त्या इतकी बारीक टीप घालत, की शिवण हाताला लागायची नाही. पुढं त्यांचाच रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी दोन्ही हात तपासले. दोन्हीकडं सारखाच होता. रोज एक गोळी लिहून दिली.

"किती दिवस घ्यायची?" बाईंनी विचारलं.

"घेत राहायची."

"आकडा खाली आला तरी?"

"टेलरबाई, अस्तर लावल्यावर कोट नीट बसला, म्हणून तुम्ही अस्तर काढून टाकता का?"

बाई हसल्या. "तुम्ही माझ्या धंद्यावर नका येऊ, डॉक्टर."

पुढं डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. जाताना त्यांनी मला आणि आपला स्टेथोस्कोप टेलरबाईंच्या हवाली केला. बाईंची लेक घरीच असायची. तिला समोर बसवून डॉक्टरांनी मोजायला शिकवलं. कोपराच्या आतल्या बाजूला कुठं ऐकायचं, हवा किती सावकाश सोडायची, मोजायच्या आधी थोडा वेळ स्वस्थ कसं बसवायचं, सगळं. "आणि मोजताना त्यांना बोलू देऊ नकोस," ते म्हणाले. "तेवढंच अवघड आहे."

अशा रीतीनं मी कापडांच्या घरात आलो. चहूकडं कापडाचे तागे, भिंतीवर अर्धवट कोट, ज्यांना डोकं नाही असे. दुपारी शिलाई मशीन थांबलं की ते कोट वाऱ्यानं जरासे फुगायचे आणि कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटायचं. पण मला तिथं करमलं. जावई रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. बऱ्याच वर्षांनी लेकीला मुलगी झाली. गालांमुळं सगळे तिला भोपळी म्हणत.

मशीनच्या उजवीकडं चाक आणि त्याला चिकटून कापडाचं कपाट होतं. तिथं स्टूल मावायचं नाही. म्हणून लेक नेहमी आईच्या डावीकडं बसायची आणि पट्टा डाव्या दंडाला बांधायची. उजवा कोपर टेबलावर टेकलेला असायचा. मीही त्याच टेबलावर. त्यामुळं मला बाईंचे दोन्ही हात एकदम कळायचे. उजव्याचा ठोका लाकडातून, डाव्याचा पट्ट्यातून.

पहिली काही वर्षं दोन्ही ठोके एकत्र यायचे, हातात हात घालून. मग कधीतरी काहीतरी बदललं. नक्की कधी, ते मला सांगता येणार नाही. आधी टेबलातून धप् यायचं, आणि मग, अगदी केसाएवढ्या अंतरानं, पट्ट्यातून धप्. बाईंच्या मागून कुणीतरी चालत यावं तसं. थोडं अंतर राखून. पावलं न वाजवता.

दिवस गेले तसा डाव्या हाताचा जोर कमी होत गेला. पट्टा बांधला की तो दंड मला गार लागायचा. उजव्यात धडधडणारी, घाईत असलेली बाई होती. डाव्यात दुसरीच कुणीतरी होती. शांत, लांबची, भिंतीपलीकडून बोलणारी. सगळ्यांचा विश्वास तिच्यावर होता. कारण तिचा आकडा चांगला यायचा.

"आई, एकशे तीस!" लेक आनंदानं म्हणायची.

"बघ. मी म्हटलं नव्हतं? शिवण हाच माझा व्यायाम."

"अगं, बोलू नकोस, खालचा ऐकू दे!"

त्या आनंदात गोळी अर्धी झाली. मग एक दिवसाआड. मग गोळ्यांची डबी स्वयंपाकाच्या डब्यांच्या मागं सरकली ती सरकलीच. लेक कुरकुरली, पण बाई म्हणाल्या, "आकडा तूच घेतेस ना? मग? उगाच पोटात औषधं कशाला कोंबायची?" लेकीनं पट्टा गुंडाळून ठेवला. माझ्याकडं उत्तर होतं, पण मला तोंड कुठं आहे! मला फक्त एक नळी आहे, आणि ज्या हाताला पट्टा बांधाल, त्याचाच आकडा तिच्यात दिसतो.

डावा हात तक्रार करायचा. उंच खुंटीवर कोट टांगताना तो मधेच गळून जायचा, मुंग्या यायच्या. कधी बाई टेबल धरून क्षणभर उभ्या राहायच्या. डोळ्यांपुढं अंधारी यायची. लेक म्हणायची, "दाखवून येऊ या का?"

"टेलरचा हात दुखणार नाही तर काय गवयाचा दुखणार?" असं म्हणून त्या बोटं चोळायच्या आणि हसत म्हणायच्या, "हा हात ना, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटतो बघ. परत मागायला येईल ती एक दिवस."

सगळे हसायचे. मी टेबलावर बसून ऐकायचो. आधी एक ठोका. मग मागून दुसरा. आणि पहिला महिन्यामहिन्याला जड होत चालला होता. टेबलाच्या लाकडाला तो आता हातोडीसारखा लागायचा. मला भीती डाव्या हाताची वाटत नव्हती, मित्रांनो. तो नुसता उपाशी होता. भीती वाटायची ती उजव्याची. एक दिवस तो जोर डोक्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फोडेल, आणि ही बोलकी बाई अर्ध्या वाक्यात थांबेल. त्या दिवशीही डावा हात शांतपणे चांगलाच आकडा सांगत असेल.

एका सकाळी भोपळी आजीच्या डाव्या खांद्यावर झोपली. दात येत होते, रडून रडून दमली होती. लेक मला घेऊन आली आणि थबकली.

"आता गं?"

"राहू दे आज. उठेल ती."

"नको, मागच्या आठवड्यातही राहिलं." लेकीनं आईला मशीनपासून उठवून खुर्चीत बसवलं, बाळासकट. आणि पट्टा उजव्या दंडाला बांधला.

कितीतरी वर्षांनी त्या हाताला माझी मिठी पडत होती. लेकीनं सवयीप्रमाणं फुगा दाबला, एकशे साठपर्यंत नेला आणि स्टेथोस्कोप लावला. शांतता हवी होती तिथं शांतता नव्हती. आत धपाधपा चालूच होतं. तिनं दचकून आणखी हवा भरली. एकशे ऐंशी. तरी दार वाजतच होतं. दोनशेच्या पुढं गेल्यावर कुठं ते बंद झालं. तिनं हवा सोडली. पारा जरासा उतरला आणि पहिला ठोका आला. एकशे शहाण्णव.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. तिनं पुन्हा मोजलं. तेच. मग हळूच बाळाला उचलून तिनं डावा हात मोजला. एकशे अठ्ठावीस.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. थांब." तिनं पट्टा स्वतःच्या हाताला बांधला. तिचा नेहमीसारखाच आला.

संध्याकाळी जावई आला. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. "जुनं झालंय हो हे. वॉशर गेला असणार. कधी बरोबर दाखवतंय, कधी चूक."

"मग डाव्याला कसं बरोबर दाखवतं?" लेक म्हणाली.

"अगं, बरोबर दाखवतं तेव्हा बरोबर आहे, चूक दाखवतं तेव्हा चूक आहे. सोपं आहे."

"जावईबापू बोलले ते पटलं मला," बाई म्हणाल्या. "एकाच माणसाचे दोन आकडे कसे येतील? हृदय काय दोन आहेत मला?" आणि त्यांनी मला बटणांच्या डब्याशेजारी, वरच्या फळीवर सारलं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली याचं मला दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. चांगला आकडा बाईंचा आणि वाईट आकडा यंत्राचा, असं त्या घरानं ठरवून टाकलं होतं. फळीवरून मला शिलाई मशीनची खडखड यायची आणि तिच्याखाली ते दोन ठोके. हातोडी, आणि मागून येणारं पाऊल. भिंतीवरचे कोट हलायचे. मला वाटायचं, त्यांनाही ऐकू येतंय.

दोनतीन दिवसांनी एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं. उंच, उतावळा माणूस. बाईंनी खांदे घेतले, छाती घेतली, उजवी बाही घेतली. मग टेप डाव्या हाताकडं नेला.

"झालं की हो बाहीचं माप," तो म्हणाला.

"एका हाताचं झालं. दुसऱ्याचं?"

"दोन्ही हात सारखेच असतात, टेलरबाई!"

"तुम्हाला वाटतं सारखे. हात थोडेच तुमचं ऐकतात? एकाच हाताचं माप घेऊन कोट शिवला तर एक मनगट उघडं पडेल, मग माझ्याच नावानं ओरडाल. आणा इकडं."

बाळाला मांडीवर घेऊन लेक दारात बसली होती. ती उठून उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं दार लोटलं. मग म्हणाली, "आई, तू परक्या माणसाचे दोन्ही हात मोजतेस."

"मोजते. मग?"

"आणि तुझा एकच."

बाईंनी टेप गळ्यात टाकला. काहीतरी फटकळ बोलणार होत्या. ओठ उघडलेही. पण मग त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहिले. उजव्या हातानं डाव्याची बोटं धरली. त्यांचा चेहरा बदलला.

"गार आहे गं हा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "किती दिवस आहे असा?"

"चप्पल घाल."

"कोट कापायचा आहे, आणि..."

"आई, चप्पल घाल."

लेकीनं मलाही पिशवीत घातलं. जाताना ती जावयाला फोनवर म्हणाली, "यंत्रच खोटं निघालं तर तुम्ही जिंकलात, पण विचारून तर घेऊ."

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी टेलरबाईंना टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. बोलायची बंदी. आपल्या यंत्रानं दोन्ही हात मोजले, पुन्हा मोजले. मग मला बाहेर काढून माझ्याशी ताडून पाहिलं.

"हा जुना गडी अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दोन हातांत थोडा फरक असतोच. एवढा नसतो. डाव्या हाताकडं जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालेली असावी. तिथवर रक्त कमी जोरानं आणि जरा उशिरा पोचतं, म्हणून आकडाही कमी दिसतो. तपासण्या करून बघू."

"मग माझा खरा आकडा कुठला?" बाईंनी विचारलं.

"जास्त आहे तो. उजव्या हाताचा. गोळी चालू आहे ना?"

बाई पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. लेक म्हणाली, "आम्ही बंद केली. आकडा चांगला येत होता म्हणून."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आज आलात हे फार बरं केलंत. आता ह्या दाबाला घाई न करता, नीट खाली आणायचं आहे. आज इथंच थांबा."

बाई त्या दिवशी थांबल्या. मी मात्र कायमचा राहिलो. पारा विषारी असतो, घरात रांगतं मूल असताना काच फुटली तर धोका, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. माझ्यासारख्यांना इथं गोळा करतात आणि आमचा पारा जपून काढून घेतात. तोवर काही दिवस मी त्यांच्या खोलीतल्या खिडकीत होतो.

तिथूनच मला टेलरबाई पुन्हा दिसल्या. सोबत लेक होती आणि तिच्या कडेवर भोपळी. बाई खुर्चीत बसल्या आणि कुणी न सांगता उजवी बाही वर केली. आकडा बराच उतरला होता. अजून जायचं होतं, पण उतरला होता. लेकीनं इतका मोठा श्वास सोडला की भोपळीनं वळून तिच्याकडं पाहिलं.

"झालं, आई. खाली करा बाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरी बाही वर केली आणि तो गार, अशक्त हात पुढं केला. "हिचंही ऐका. इतकी वर्षं मी हिला उसनी म्हणत होते. हीसुद्धा मीच आहे."

मी खिडकीत होतो, पट्टा रिकामा होता. तरी माझा पारा हलला. आधी एकदा, मग मागून एकदा. मागची अजून मागेच होती. पण आता पुढचीनं वळून पाहिलं होतं.

मित्रांनो, माझा पारा निघाला की मी नुसती काच उरेन. त्याआधी एवढंच मागतो. मोजताना स्वस्थ बसा. आकडा आवडला नाही म्हणून यंत्राला खोटं पाडू नका, आणि आवडला म्हणून डॉक्टरांना न विचारता घरात कुणाला गोळी सोडू देऊ नका. काही दुखत नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे, असं समजू नका. आणि आज घरी गेलात, की आईचा हात हातात घ्या. कामात असेल, "काय रे, काय हवंय?" म्हणेल. म्हणू दे. एक हात धरून झाला, की दुसराही धरा.